पाळण्यावरचा पाग

केसरीनाथ काय करतो, असं दापोड्यात कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं असे: काही करत नाही, बसून खातो. आणि हे उत्तर सगळ्यांच्या आधी तो स्वतःच द्यायचा, तेही छाती फुगवून. बापजाद्यांच्या भातशेतीवर आता गोडाऊनं उभी होती. एकात फ्रीज नि वॉशिंग मशीनं, दुसऱ्यात चपलांचे खोके. मुलगा कुणाल ट्रान्सपोर्टचं बघायचा, भाडं आपोआप बँकेत जायचं, आणि गावाने त्याला केव्हाच केसरीशेठ करून टाकलं होतं. शेठ झालेल्या माणसाने काम करणं म्हणजे शेठपणाला बट्टा, असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

मग सकाळचा चहा झाला की हा प्रामाणिक माणूस मागच्या पडवीत जाऊन बसायचा, आणि बायको मैना जेवायला हाक मारीपर्यंत मान वर करायचा नाही. तो पाग विणायचा. पाग म्हणजे खाडीत उभं राहून हाताने फेकायचं गोल जाळं. फेकणाऱ्याचा हात बसलेला असला की ते हवेत ताटासारखं उघडतं आणि कडेला लावलेल्या शिशाच्या वजनाने सरळ तळाला जातं. शिसं कमी पडलं तर बोय मासा खालून हसत निघून जातो, जास्त झालं तर खांदा उतरतो. केसरीनाथच्या पागाचं शिसं कधी कमी पडलं नाही की जास्त झालं नाही. खाडीला आता पूर्वीचं पाणी राहिलं नव्हतं आणि पूर्वीचे मासेही, पण काल्हेर-कशेळीकडचे चार जुने लोक अजून पाग घेऊन उतरायचे, आणि ते सगळे ह्याच्याच पडवीत यायचे. तो कुणाकडून काही घेत नसे. घेतलं असतं तर ते काम झालं असतं, आणि काम तर तो करत नव्हता.

शिसं त्याला हायवेवरच्या टायरवाल्यांकडून मिळे. ट्रकच्या चाकाचा तोल सांभाळायला रिमला शिशाचे तुकडे ठोकतात, ते जुने झाले की काढून कोपऱ्यात टाकतात. केसरीनाथ ते डब्यात भरून आणायचा. तीन दगडांच्या चुलीवर लोखंडी कढई चढवायची, शिसं वितळलं की फरशीवर पातळ ओतायचं, गार झालं की पट्ट्या कापायच्या. मग मूठभर पट्ट्या गालात धरायच्या, शिंपी ओठांत टाचण्या धरतो तशा, आणि एकेक पट्टी जिभेने पुढे आणून पागाच्या दोरीवर दुमडून दाताने दाबायची. पकडीने शिसं मरतं, दाताने बसतं, हे त्याला बापाने शिकवलं होतं. बापाचे दात साठीच्या आतच गेले होते, पण त्याचा ह्या गोष्टीशी काही संबंध असेल असं घरात कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

बापाने आणखी एक गोष्ट शिकवली होती, आणि ती केसरीनाथने जरा जास्तच मनावर घेतली. शिशाचा धूर घशात बसतो, त्याला उतारा दारूचा. बाप ताडी प्यायचा, मुलगा शेठ झाल्यामुळे बाटलीतली प्यायचा. कढई चढली त्या दिवशी दोन पेग जास्त, औषध म्हणून. एरवीचे होते ते जेवणाआधीचे, ते वेगळे. मैना म्हणायची की औषध आणि जेवण दोन्ही एकाच बाटलीतनं येतंय, बाटलीची कमालच आहे. तो हसायचा. माणूस प्यायला की भांडत नसे, उलट जास्त प्रेमळ व्हायचा, आणि तीच मैनेची खरी अडचण होती. वाईट दारुड्याला शिव्या घालता येतात. हा पिऊन तिच्या कमरेला शेक द्यायला गरम पाण्याची पिशवी आणायचा.

गेली काही वर्षं मात्र त्याच्या अंगाला काहीतरी लागलं होतं. काखेत गळू उठायचं, ते बसलं की मांडीवर. खोकला दिवाळीला आला की होळीपर्यंत मुक्काम. चिंबोरीने एकदा अंगठ्याला नांगी मारली. असं खाडीकाठच्या पोरांना आठवड्यातून एकदा होतं आणि दोन दिवसांत विसरायलाही होतं. केसरीनाथचा अंगठा महिनाभर पू गाळत राहिला. गावात आधी नजर लागली म्हणाले, मग साखर म्हणाले, मग हळू आवाजात आणखी काहीबाही म्हणाले. मैनेने नारळ उतरवला, अकलोलीच्या गरम कुंडात त्याला बुचकळून आणलं. कुंडाने अंग छान शेकलं, गळवं मात्र हटली नाहीत.

हे सगळं त्याने हसण्यावारी नेलंही असतं. पण आषाढात कुणालच्या बायकोला, करिष्माला, मुलगी झाली. पहिलं बाळंतपण माहेरी, दिघाशीला. दापोड्यात पेढे वाटले गेले, आणि केसरीनाथ नवं धोतर नेसून नात बघायला निघाला तो वाटेतच इतका खोकला, की करिष्माची आई सीताबाई उंबऱ्यातच उभी राहिली. बाई मोठी गोड बोलणारी. तिने चहा दिला, वड्या दिल्या, तब्येतीची चौकशी केली, आणि पोरगी आत्ताच निजली म्हणून दारातनंच लांबून दाखवली. दुसऱ्यांदा गेला तेव्हाही पोरगी आत्ताच निजली होती. तिसऱ्यांदा काय ते त्याला कळलं. आजोबांचा खोकला जाईपर्यंत नात दापोड्याला येणार नव्हती, आणि त्यात सीताबाईचं काही चुकत होतं असं त्यालाही म्हणता येईना. बारशाला त्याने मांडवाच्या टोकाला खुर्ची टाकली आणि दिशा हे नाव तिथूनच ऐकलं. मुलाची गाडी घेऊन लांब कुठेतरी एकट्याने रडावं असं त्याला त्या दिवशी वाटलं, आणि गाडी चालवता येत नसल्यामुळे तो घरी येऊन पडवीत रडला.

भिवंडी शहरातल्या डॉक्टर सुचेताबाई त्याच्या घरच्यासारख्याच. त्यांचे वडील शरच्चंद्र डॉक्टरांनी केसरीनाथच्या बापाला तपासलं होतं, लेक त्याच दवाखान्यात बसायची. तिने रक्त तपासून घेतलं. साखर नाही, टीबी नाही, दुसरं काही नाही. लिव्हर मात्र कुरकुरत होतं. किती पिता, तिने विचारलं, आणि केसरीनाथने मोजूनमापून खरं सांगितलं. दारूबाबत तो कधी खोटं बोलत नसे. डॉक्टरबाई म्हणाल्या, महिनाभर पूर्ण बंद करा, मग बघू. नातीसाठी तो जीव सोडा म्हटलं तरी सोडायला तयार होता, ही तर नुसती दारू. शिवाय श्रावण तोंडावर होता. श्रावणात आगऱ्याच्या घरात तशीही बाटली फिरकत नाही. गटारी झाली, बाटली माळ्यावर गेली, आणि केसरीनाथने खरोखर एक थेंब घेतला नाही.

आता हा श्रावण म्हणजे काय, ते खाडीकाठच्या माणसाला विचारा. नारळी पौर्णिमेपर्यंत पाण्यात उतरायचं नाही, पण पौर्णिमेला नारळ वाहिला की दुसऱ्या दिवशी पाग हातात हवा. म्हणजे वर्षभराचे सगळे पाग ह्याच दिवसांत दुरुस्तीला येतात, नवे ह्याच दिवसांत लागतात. बाहेर पाऊस, म्हणून केसरीनाथने कढई पडवीत आतच घेतली. धुराला जायला वाट नाही. सकाळ-संध्याकाळ गालात शिशाच्या पट्ट्या. वर्षात जेवढं शिसं चावायचा त्यातलं निम्मं त्याने त्या महिन्यात चावलं. आणि ते झाल्यावर, रोज थोडं थोडं, त्याने दिशासाठी एक वीतभर पाग विणला. पिवळ्या-लाल सुताचा, खऱ्या पागासारखाच गोल, आणि कडेला मुगाएवढ्या शिशाच्या गोळ्या, प्रत्येक गोळी दाताने बसवलेली. नातीला हातात घेता येत नव्हती, तर तिच्या डोक्यावर आपल्या हातचं काहीतरी झुलावं.

श्रावण संपता संपता त्याला सडकून ताप आला आणि पाठीवर असं गळू उठलं की कापावं लागलं.

केसरीनाथने अंथरुणावर पडल्या पडल्या विचार केला, आणि तो विचार त्याच्या दृष्टीने अगदी बिनचूक होता. दारू प्यायचो तेव्हा आजारी पडायचो. दारू सोडली तर जास्त आजारी पडलो. म्हणजे दारू निर्दोष आहे. नव्हे, दारूनेच इतके दिवस सांभाळलं. महिनाभर उतारा घेतला नाही म्हणून धुराने गाठलं. दारूवर डॉक्टरबाईंनी खोटी केस टाकली होती, ती कोर्टात टिकली नाही. गणपती गेले आणि माळ्यावरची बाटली सन्मानाने खाली आली. मैनेलाही काही बोलता येईना, कारण महिनाभर तीच तर रोज त्याचं तोंड हुंगत होती. तिला पक्कं ठाऊक होतं की त्याने खोटेपणा केला नव्हता. वीतभर पाग कुणालने दिघाशीला नेला आणि पाळण्याच्या दांडीला बांधला. करिष्माने व्हिडिओवर दाखवलं. पंखा लावला की पाग हलायचा आणि पोरगी हात नाचवायची. केसरीनाथ तो व्हिडिओ दिवसातून इतक्यांदा बघायचा की मैनेने मोबाइल लपवून ठेवला.

दसऱ्याच्या सुमाराला खोकला छातीत उतरला. न्यूमोनिया. हॉस्पिटलात नळ्या, ऑक्सिजन, कुणाल बाकावर मान टाकून बसलेला. बरा होऊन घरी आला तेव्हा नवं धोतर कमरेवर राहीना. मैना त्याला धरून सुचेताबाईंकडे घेऊन गेली, आणि दारातच त्याने सांगून टाकलं, की तुमची दारूची गोष्ट खोटी ठरली, मी श्रावणात सोडून बघितलं.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्याला तोंड उघडायला लावलं. टॉर्च हिरडीवर थांबला. दातांच्या मुळाशी निळसर काळी रेघ होती, पेन्सिलीने ओढावी तशी. मशेरी लावता का, त्यांनी विचारलं. आमच्याकडं सगळीच लावतात, केसरीनाथ म्हणाला. मैनेने लगेच खोडून काढलं. मशेरी ती लावते, त्याने जन्मात बोटाला मशेरी लागू दिली नाही, त्याला तिचा वास सहन होत नाही. मग बाईंनी त्याचे हात उलटे केले. नखांत काळं, तर्जनीला दोरीचे घट्टे.

“बसून खाणाऱ्या माणसाच्या बोटाला घट्टे कसे हो, केसरीनाथ?”

केसरीनाथ लाजला. चोरी पकडल्यासारखा लाजला, आणि मग खुलला. पाग कसा विणतात, शिसं कुठून आणतो, कढई कशी चढवतो, सगळं त्याने रंगवून सांगितलं. पट्ट्या गालात कशा धरायच्या ते पेन तोंडात धरून करून दाखवलं. पकडीने शिसं मरतं, दाताने बसतं, हेही सांगितलं. तुमच्या वडलांनाही एक पाग देणार होतो, ते नको म्हणाले, असंही म्हणाला. बाई लिहायच्या थांबल्या होत्या. मैना एकदा नवऱ्याकडे बघे, एकदा बाईंकडे, आणि तिच्या लक्षात आलं की बाईंना हे कौतुकाचं वाटत नाहीये.

रक्त पुन्हा गेलं, ह्या वेळी मुंबईच्या मोठ्या लॅबमध्ये, फक्त शिसं बघायला. रिपोर्ट आला तेव्हा बाईंनी फोनवर काही सांगितलं नाही, दोघांना बोलावून घेतलं.

रक्तात शिसं भलतंच निघालं होतं. त्यांनी सोपं करून सांगितलं. रक्तात राखणीचे शिपाई असतात. बाहेरून रोग आत शिरला की ते धावतात, ओळखतात, मारतात. केसरीनाथ म्हणाला, वॉचमन. बाई म्हणाल्या, हो, वॉचमनच. शिसं शरीरात साठत जातं, हाडांत जाऊन बसतं, आणि ह्या वॉचमनांचा गोंधळ उडवतं. कुठे धावायचं, कुणाला अडवायचं, त्यांना नीट कळेनासं होतं. दारू त्यांना सुस्त करते, आणि वर लिव्हर, आतडं सगळंच दुबळं करून ठेवते, म्हणजे शिशाला अंगात रान मोकळं. दोन्ही एकाच अंगात आली की नुकसान नुसत्या बेरजेवर थांबेलच असं नाही, त्याहून जास्तही होतं. म्हणून साधं गळूसुद्धा बरं व्हायला महिना लागतो. श्रावणात दारू सुटली म्हणून एक वॉचमन शुद्धीवर आला खरा, पण त्याच महिन्यात दुसऱ्याच्या डोळ्यांत शिशाचा धूर भरला.

केसरीनाथ गोडाऊनचा मालक होता. रात्रपाळीचे दोन वॉचमन एकाच वेळी निकामी झाले तर काय होतं ते त्याला समजावून सांगावं लागलं नाही. जमिनीच्या व्यवहारात बोलतात तशा आवाजात त्याने विचारलं, की ह्यात दारूचं किती आणि शिशाचं किती. बाई म्हणाल्या की ती वाटणी त्यांनाही करता येणार नाही, कुणालाच येणार नाही. आहे ते सगळं सामाईक. एक सोडलं आणि एक ठेवलं तर, असं त्याने अगदी हळू विचारलं. नाही, बाई म्हणाल्या. दारू बंद आणि कढई बंद. दाताला तर शिसं लागताच कामा नये. शिसं अंगातून उतरायला वेळ लागेल, लागलं तर औषध देऊ, पण आधी आत जायचं थांबलं पाहिजे. आणि घरात लहान मूल येणार असेल तर ती पडवी, फरशी, अंगण पाण्याने धुऊन घ्या. लहान मुलांना फार वाईट ते. थोडंसुद्धा वाईट. त्यांच्या मेंदूला लागतं. आणि मुलं हाताला येईल ते तोंडात घालतात.

केसरीनाथ खुर्चीवरून उठला. बाईंना वाटलं त्याला चक्कर आली. त्याने मैनेकडे बघितलं, आणि तिच्याही तोंडचं पाणी पळालेलं होतं.

“दिशाच्या पालन्यावर हाय,” तो म्हणाला. “मीच दिलंय.”

मैनेने दवाखान्यातनंच करिष्माला फोन लावला. करिष्माने पोरीला उचलून आतल्या खोलीत नेलं, तिचे हात धुतले, आणि सांगितलं की घाबरू नका, पाग उंच आहे, तिचा हात अजून तिथवर पोचत नाही, एकदाही पोचलेला नाही. गेल्या आठवड्यापासून पालथी पडायला लागली होती, पंजा मारायला लागली होती, म्हणून करिष्मा तो खाली घेणार होती, तिला खेळायला. हे ऐकल्यावर केसरीनाथने रिक्षा केली नाही, कुणालला गाडी घेऊन बोलावलं, आणि तिघं तसेच दिघाशीला निघाले. बाई म्हणाल्या होत्या, हवं तर पोरीचंही रक्त बघून घेऊ, बहुतेक काही निघणार नाही. ते ‘बहुतेक’ त्याच्या डोक्यात दिघाशीपर्यंत वाजत राहिलं.

सीताबाई ह्या वेळी उंबऱ्यात उभी राहिली नाही. त्याचा चेहरा बघून ती बाजूला झाली. पाळणा रिकामा होता. वर पिवळा-लाल पाग पंख्याच्या वाऱ्यावर हलत होता, आणि त्याच्या कडेच्या गोळ्या अजून चकचकत होत्या. सगळ्या एकसारख्या. इतका देखणा पाग त्याने आयुष्यात विणला नव्हता, हे त्याला त्या क्षणीही दिसलं, आणि स्वतःच्या हाताचा त्याला राग आला. कापून टाकायला हात धजला नाही हो बाबा, करिष्मा मागून म्हणाली, तुम्ही इतक्या हौसेनं केलेला, आणि गाठ तर सुटत नाही.

गाठ सुटणार कशी. ती गाठ त्यानेच कुणालला शिकवली होती, भरतीचं पाणी ओढलं तरी न सुटणारी. त्याने बोटं लावली. आजाराने बोटांत जोर राहिला नव्हता, गाठ हलेना. आणि मग आयुष्यभर अडलेल्या गाठीला तो जे करत आला तेच त्याने केलं. मान पुढे घातली, तोंड उघडलं, दात दोरीवर नेले.

दोरी ओठाला लागली आणि तो थांबला.

खोलीत सगळे बघत होते. खाडीवर जाळं कापत नाहीत. फाटलं तर सांधतात, अडकलं तर पाण्यात उतरून सोडवतात, पण जाळ्याला सुरी लावणं म्हणजे खाडीला पाठ दाखवणं. केसरीनाथने पन्नास वर्षांत जाळ्याला सुरी लावली नव्हती, त्याच्या बापानेही नव्हती. त्याने तोंड मिटलं, ओठ बाहीला पुसले.

“करिष्मा, कात्री दे.”

त्याने पाग कापला. दांडीपासून कापला, मग कडेच्या दोरीतून कात्री फिरवली, एकेक गोळी प्लास्टिकच्या पिशवीत पाडली आणि पिशवीला गाठ मारून कुणालच्या हातात दिली. सूतही त्याच पिशवीत गेलं. मैनेने ओल्या फडक्याने पाळणा पुसून काढला, दांडी पुसली, खालची फरशी पुसली. तो मोरीवर जाऊन साबणाने हात धूत राहिला, नखं घासत राहिला, दोनदा चूळ भरली.

बाहेर आला तर करिष्मा दिशाला घेऊन समोर उभी. सीताबाईने सतरंजी अंथरली होती, आजोबांना बसायला. पोरीने डोळे मोठे करून त्याच्याकडे बघितलं आणि दोन्ही हात पुढे केले. तिला काय माहीत कोण; तिला समोर दिसलेल्या पांढऱ्या मिशा ओढायच्या होत्या. इतक्या जवळून त्याने तिला आज पहिल्यांदा बघितलं. तिच्या हनुवटीला मैनेसारखी खळी होती, हे मोबाइलवर कधी दिसलं नव्हतं.

“घ्या ना बाबा,” करिष्मा म्हणाली. “हात धुतलेत ना आता.”

केसरीनाथने खाली आपल्या सदऱ्याकडे बघितलं, पडवीत कढईपाशी बसायचा तोच सदरा. त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले.

“आज न्हाय,” तो म्हणाला. “आज पडवी धुवाची हाय. कपरं बदलून येतंय मी.”